घारकड्यावरची माकुडी

एकेचाळीस रोपं घारकड्यावर परत नेऊन लावायची, एवढ्या एका कामासाठी आम्ही सात दिवसांची तयारी करून निघालो होतो. शिनोलीच्या पुढे डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून गेलं की डोंगरांची भिंत उभी राहते, त्या भिंतीतला हा एक कडा. रोपं माझ्या लोणीच्या अंगणातली. लोणीही आंबेगाव तालुक्यातच येते, पण आमच्या माळावरून त्या डोंगरात जायचं म्हणजे दुसऱ्या मुलखात जाण्यासारखंच.

रोपं माकुडीची. गावाकडे या नावाआधी एक शब्द लावतात, बायकांना शिवी म्हणून देतात तसला. तो मी उच्चारत नाही, म्हणून लिहीतही नाही. बोटाएवढ्या जाड हिरव्या फांद्या, गुळगुळीत पानं आणि पाऊस ओसरताना येणारं चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं किरमिजी फूल, त्यावर पिवळे ठिपके. उभ्या कातळाच्या भेगेत ही जगते. घारकड्यावर ती पूर्वी भरपूर होती असं म्हणतात. १९९९ साली जुन्नरच्या निसर्गमंडळाच्या मुलांना तिथे एकच वाळत चाललेलं झुडूप सापडलं. त्यांनी त्याचे वीस तुकडे केले आणि वीस घरांत वाढवायला दिले. एक माझ्याकडे आला, कारण मंडळातली हर्षाली चौथीला माझ्या वर्गात होती.

एकोणीस घरांतले तुकडे कुजून गेले. लोकांनी मायेनं पाणी घातलं, तेच नडलं. माझा तुकडा वाढला, त्यात माझी हुशारी काही नव्हती. पूजेशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. दिवा, धूप, नामस्मरण, मग तुळशीला एक पळी पाणी आणि मग स्वतःला. कुंडी तुळशीजवळ ठेवली होती, म्हणून तिलाही एक पळी. कमी नाही, जास्त नाही, खाडा नाही. तीन वर्षांत तिच्याच फांद्या लावत लावत कुंड्यांची ओळ भिंतीपर्यंत गेली. मला मनातून वाटायचं, नेमाचंच हे फळ आहे. तसं वाटणं चुकीचं होतं का, ते पुढे कळेल.

२००२ चा ऑक्टोबर उजाडत होता. घटस्थापना आठवड्यावर आलेली. खडकात ओल आहे तोवर रोपं लागली पाहिजेत, म्हणून हाच आठवडा धरला. आमच्यातल्या सुदर्शनच्या आईनं हरकत घेतली होती, पितृपंधरवड्यात नवं काम काढू नये म्हणून. मी त्यांना जाऊन सांगितलं, "नवं नाही हो. घरचं माणूस घरी पोचवायचंय."

सुदर्शन जुन्नरचा, तिशीच्या आतला. पेठेत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देण्याचं त्याचं दुकान होतं आणि सुट्टीच्या दिवशी तो दोरावर लटकलेला असायचा. कड्यावर उतरणार तो. हर्षाली वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. आणि मी, शीलाबाई, अठ्ठेचाळीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका, रजा टाकून आलेली. वाटाड्या म्हणून कड्याखालच्या वाडीतले गेणभाऊ. त्यांच्याच पडवीत आमचा मुक्काम.

पहिल्याच दिवशी दरड आडवी आली. जीप तिथेच सोडून टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि अडीच तास चालून वाडी गाठली. गेणभाऊंच्या घरच्या लंकाबाई भाताच्या खाचरातून वर आल्या, टोपलीवरचा ओला गोणपाट उचलून त्यांनी आत पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"ह्ये? ही तर भाजी हाय. येवढ्या लांबनं भाजी घिऊन आलाव व्हय, बाई?"

"लावायला आणलीय," मी म्हटलं.

"काय?"

हर्षाली हसली. "मावशी, बाईंचं बोलणं असंच असतं. मी चौथ्या बाकावर बसायचे, निम्मं ऐकूच यायचं नाही. कड्यावर लावायला आणलीय म्हणतात."

लंकाबाईंनी पदर तोंडावरून काढला. मग कड्याकडे पाहत म्हणाल्या, "कड्यावरनंच आमी काढून खाल्ली. बहात्तरच्या दुष्काळात सासूबाई कासऱ्याला धरून उतरायच्या. पोरांच्या पोटात घालाय दुसरं काय व्हतं? आता तुमी न्हेऊन लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच शेळीनं दोन रोपं खाल्ली. शेळीला लंकाबाईंनी जे सुनावलं ते ऐकून मी जप मोठ्यानं करू लागले. मोठ्यानं म्हणजे मला ऐकू येईल इतपत. उरली एकोणचाळीस.

त्याच दिवशी कड्याच्या पायथ्याशी गेलो. मान मागे टाकून पाहावा असा काळा कातळ. पायथ्यापासून साठेक फुटांवर एक लांब अरुंद ओटा, जणू कुणी भिंतीत फळी बसवावी तसा. माकुडीची जागा तीच. ओट्याच्या खूप वर कड्याचा माथा. आणि ओट्याच्या उजव्या टोकावर, कातळ जिथे छपरासारखा पुढे येतो तिथे, सात काळी पोळी लोंबत होती. प्रत्येक सुपाएवढं. त्यांच्यातून एक संथ, जड गुणगुण खाली येत होती.

"आग्या," गेणभाऊ हळू आवाजात म्हणाले. "येरवी दसऱ्याच्या फुडं येत्यात. यंदा लौकर आल्यात. ऐका आता. कड्याखाली चूल न्हाई, विडी न्हाई. काडी वढायची न्हाई. डोक्याला वासाचं त्याल न्हाई. आन् उठल्याच तर पळायचं न्हाई, हात झाडायचं न्हाई. घोंगडं पांघरून धोंड्यावानी बसायचं."

"आणि तुमची स्वतःची विडी, गेणभाऊ?" सुदर्शननं विचारलं.

"बायलीपाशी ठिवून आलोय. परत देतीया का, त्येच बघायचं."

त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक घोंगडी दिली. आम्ही ओट्याच्या डाव्या अंगाला रोपं लावायचं ठरवलं, पोळ्यांपासून चाळीस हात तरी लांब. कडा दक्षिणेला तोंड करून आहे. ऊन नऊच्या सुमाराला पोळ्यांवर येतं, तोवर माश्या गार असतात. म्हणजे नऊच्या आत काम उरकायचं.

तो दिवस घाणेरी उपटण्यात गेला. पायथ्याच्या उतारावर ती माणसाच्या उंचीची माजली होती आणि तिच्यातून शेळ्यांच्या वाटा थेट कातळाला भिडल्या होत्या. कुदळीनं मुळं उकरायची, काटे हातात घ्यायचे, उपटलेलं एका बाजूला रचायचं आणि त्याच जागी दगडांची कमरेएवढी ताल घालायची, शेळी येऊ नये म्हणून. संध्याकाळी माझे तळवे सोललेले होते. पण मन इतकं शांत होतं की जेवतानाही मी कड्याकडेच पाहत होते.

पुढचे दोन दिवस धुकं. असं धुकं की पडवीतून अंगणातलं वृंदावन दिसेना. दोर ओला, कातळ निसरडा. सुदर्शन दोन्ही दिवस दोराच्या गाठी सोडत आणि घालत बसला. टोपलीतली रोपं मलूल व्हायला लागली. हर्षालीनं आणि मी त्यांना पडवीच्या कडेला मांडलं, झाकलं, परत उघडलं. चौथ्या संध्याकाळी धुकं फाटलं. सुदर्शन उठून उभा राहिला.

"उद्या पाचला निघायचं, बाई. चहा नाही, काही नाही. एकच सकाळ मिळेल, राव. परवा परत धुकं आलं तर रोपं टोपलीतच जातील."

मी मान हलवली. पाचला निघायचं म्हणजे पूजा होणार नव्हती. मी गिरिजात्मजाची तळहाताएवढी तसबीर, निरांजन आणि धुपाची पुडी पिशवीत टाकली. लेण्याद्रीहून आणलेली ती तसबीर माझ्याबरोबर सगळीकडे जाते. कड्यापाशी दोन मिनिटं मिळतील, तेवढी पुरे.

सव्वासहाला पायथ्याशी पोचलो. सुदर्शन आणि गेणभाऊ बाजूच्या नळीनं, कातळातल्या अरुंद घळीतून, माथ्यावर गेले. खाली हर्षाली आणि मी. गोणपाटात गुंडाळलेली रोपं टोपलीत नीट लावून ठेवली तोवर माथ्यावरून दोर सरसरत खाली आला आणि दोराला लागून सुदर्शन. काय सुंदर उतरला तो! पाय कातळाला टेकवत, जणू जिनाच उतरतोय. ओट्यावर उभं राहून त्यानं एक बारीक दोरी खाली सोडली. आम्ही टोपली बांधली. सहा रोपं वर गेली.

तो एकेका भेगेत माती भरत होता, रोप बसवत होता, दगडाची पाचर देत होता. पाऊण तास तरी लागणार होता. हर्षाली दोरी धरून वर पाहत उभी. मी म्हटलं, "मी जरा पूजा उरकून येते." तिनं मान वळवली नाही. तिला ऐकू गेलं नसावं.

मी जवळच्या एका मोठ्या धोंड्याआड गेले. वारा नव्हता. सपाट दगडावर तसबीर ठेवली, निरांजन ठेवलं. काडी ओढताना गेणभाऊंचे शब्द आठवले नाहीत का? आठवले. पण ते चुलीचे आणि विडीचे शब्द होते. दिवा आणि धूप त्यात मोडतात, असं माझ्या मनालाही शिवलं नाही. तीस वर्षं रोज ज्या धुरात मी डोळे मिटले, त्याला मी धूर म्हणतच नव्हते. धुपाची जाड कांडी दगडाच्या फटीत खोचली, नामस्मरण केलं, पाण्याचा घोट घेतला. कांडी तशीच जळत ठेवली. पूजेचा धूप विझवत नाहीत.

परत आले. दुसरी टोपली वर गेली, पाच रोपं. एक लागलं, दुसरं लागलं. शेवटचं लागलं तेव्हा सुदर्शन वरून म्हणाला, "अकरा झाली, बाई. चांगली बसलीत."

डोंगराच्या पोटातून हवा वर सरकायला लागली होती. गालाला गार लागलं. ऊन अजून पोळ्यांपासून दोन हात खाली होतं.

आणि आवाज बदलला.

ती जड, संथ गुणगुण एकदम वर चढली, तापलेल्या तेलात पाणी पडावं तशी. मी मान वर केली. सातांतलं एक पोळं हललं. मग ते पोळं राहिलंच नाही. कातळावर नुसता पांढरा मेणाचा तुकडा उरला आणि त्याच्या भोवतीची हवा काळी झाली.

"बाई!" हर्षाली ओरडली. तिनं हात झाडले आणि पळायला वळली. मी माझी घोंगडी तिच्यावर टाकली, तिला खाली दाबलं. तिची स्वतःची घोंगडी दहा पावलांवर टोपल्यांवर पडलेली. कपाळात पहिला डंख बसला. मानेवर दुसरा. पाठोपाठ किती ते कळलं नाही.

आणि त्या सगळ्यात वास आला. चंदनाचा. माझ्या देव्हाऱ्याचा.

धोंड्याआडून धुराची एक सरळ रेघ वर चालली होती, कड्याला लागून, ओट्यावरून, थेट पोळ्यांच्या छपराखाली. अगदी शांतपणे.

मी पदर डोक्यावरून ओढला आणि धोंड्याकडे गेले. पळू नका म्हणाले होते, म्हणून चालत. हातानं ओली माती उकरली, ती कांडीवर टाकली, निरांजनावर टाकली, तळव्यानं दाबून धरली. तसबीरही मातीत गेली. त्या वेळी मला तिची शुद्ध नव्हती.

वर सुदर्शन ओरडत होता. ओट्यावर तो दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेत होता. घोंगडी त्यानं वर नेलीच नव्हती, दोरावर अडचण होते म्हणून. डावीकडे ओट्याच्या टोकाला कातळात एक खोबण होती. माणूस वाकून आत बसेल एवढी; पायथ्याशी पहिल्यांदा आलो तेव्हाच आम्ही ती खालून पाहिली होती. त्याला ती दिसणार नव्हती. त्याचे डोळे बंद झाले होते. तो तिकडे सरकला की दोर ताणला जाई आणि त्याला मागे ओढी. माथ्यावर गेणभाऊ दोर घट्ट धरून होते. त्यांना खालचं काही दिसत नव्हतं. पोरगा पडू नये म्हणून ते दोर आणखीच आवळत असणार.

मग सुदर्शनचा हात कमरेच्या कडीकडे गेला. दोर सोडवायला.

साठ फूट. खाली दगड.

मी पदर तोंडावरून काढला. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. वर्गात नाही, घरात नाही, माझाच पोरगा लहानपणी विहिरीच्या काठावर गेला तेव्हासुद्धा नाही. छातीतून काय निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही.

"सुदर्शन! कडी सोडू नको!"

कातळानं तो आवाज घेतला आणि परत फेकला. सुदर्शनचा हात थांबला.

"गेणभाऊ! दोर सैल सोडा! सैल!"

एक माशी ओठावर बसली आणि डसली. दुसरी जिभेवर. मी थुंकले, परत ओरडले. वरून दोराचा एक वेढा खाली आला. मग आणखी एक.

"सुदर्शन, डावीकडं! भिंतीला पाठ लाव. एक पाऊल. आणखी एक. थांब, तिथं दगड आहे. पाय उचल. हां. आणखी दोन. आता खाली बस. मागं सरक, मागं. आत जा!"

तो आत गेला. पाय पोटाशी घेऊन, तोंड कातळाकडे करून बसला. शर्ट डोक्यावर ओढताना त्याचे हात दिसले आणि मग काहीच दिसलं नाही. माझेही डोळे मिटत चालले होते. हर्षालीनं घोंगडीचा कोपरा उचलून मला आत ओढलं. दोघी एकमेकींना धरून धोंड्यावानी बसलो. मी जप करत नव्हते. मी नुसती मोजत होते, एकपासून शंभर, परत एकपासून.

दोन तासांनी माश्या बसल्या. गेणभाऊंनी वाडीतली चार माणसं बोलावून घेतली. एक जण दोरावरून उतरून ओट्यावर गेला आणि सुदर्शनला वर घेतलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. तो दोनदा ओकला, मग बोलायचाच थांबला. घोंगडीची डोली केली आणि आम्ही निघालो. दरडीपलीकडे जीप होती. ती अडीच तासांची वाट त्या माणसांनी पावणेदोन तासांत कापली. मध्ये एकदा सुदर्शनचा श्वास असा अडकला की सगळे थांबले. गेणभाऊंनी त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास परत आला. परत उचललं.

उतारावर गेणभाऊ माझ्या शेजारून चालत होते. "घार बसली आसंल पोळ्याव," ते म्हणाले. "न्हाईतर मधुबाज. त्यो मारतो झडप. दुसरं काय न्हाई."

मी काही बोलले नाही. ओठ सुजले होते, बोलता येत नव्हतं, हे खरंच. पण खरं सांगायचं तर बोलता आलं असतं तरी मी तेव्हा बोलले नसते.

रात्रभर घोडेगावच्या दवाखान्यात त्याला सलाईन चालू होतं. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका गेला. हर्षाली बाकावरच झोपली होती. मी हातपाय धुऊन आले. पिशवीत तसबीर होती. गेणभाऊंनी ती मातीतून उचलून, पुसून दिली होती. विचारलं काहीच नव्हतं. दिवा नव्हता, तरी हात तर जोडायचे. पण हात वर येईनात. तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आधी दुसरं काम आहे.

मी सुदर्शनच्या कॉटपाशी गेले. गेणभाऊ तिथेच स्टुलावर बसलेले.

"घार नव्हती," मी म्हटलं. "मी धूप लावला होता. धोंड्यामागं. माझ्या पूजेचा."

गेणभाऊ स्टुलावर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वास आला व्हता मला वरती. वाटलं, भास व्हतोय." आणि पुढे म्हणाले, "मी विडीचं सांगितलं, त्यालाचं सांगितलं. ह्ये सांगाय पायजे व्हतं. माशीला काय ठावं बाई, विडीचा धूर कंचा आन् द्येवाचा कंचा."

सुदर्शनचा एक डोळा चिरेएवढा उघडा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो काय म्हणेल ते मला ऐकायचंच होतं, कितीही कठीण असलं तरी.

"बाई," तो सुजलेल्या ओठांतून म्हणाला, "तो आवाज तुमचा होता?"

"हो."

"मला वाटलं, वाडीतली कुणी आली." त्याचा हात पांघरुणाखाली कमरेकडे गेला. "कडी अर्धी उघडली होती मी."

मग त्यानं डोळा मिटला. माफ केलं म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. त्याच्या अंगातला ताप उतरायच्या आधी ते मागणं बरं नव्हतं. मागितली नंतर, त्याच्या आईसमोर, नवरात्र संपल्यावर. आई म्हणाल्या, "पितृपंधरवडा म्हणून सांगत होते." आणि मला चहा दिला.

त्या सकाळी गेणभाऊंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "प्या आदी."

"पूजा व्हायचीय."

"मग करा की. धूर तेवढा नगं."

मी खिडकीकडे तोंड करून हात जोडले. दिवा नाही, धूप नाही, फूल नाही. मग पाणी प्यायले. घशाखाली उतरताना ते फार दुखलं.

अठ्ठावीस रोपं उरली होती. हर्षालीचं म्हणणं पडलं की सुदर्शन बरा झाला की पुन्हा कड्यावर जाऊ. गेणभाऊ नाही म्हणाले आणि मीही नाही म्हटलं. कडा आता माश्यांचा होता. त्यांनी जागा घेतली, आम्ही सोडली. सातव्या दिवशी आम्ही ती अठ्ठावीस रोपं वाडीच्या मागच्या बुटक्या कातळात लावली. हात पुरेल एवढी उंची, दोर नको, काही नको. समोर ताल घातली आणि लंकाबाईंनी स्वतः तिच्यावर काटे रचले. "मी बघते," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, आम्ही चौघं परत भेटलो. सुदर्शनही आला होता, फक्त दोर आणला नव्हता. आधी वाडीमागचा कातळ पाहिला. अठ्ठावीसांतली सहा उरली होती.

"शेळ्या?" हर्षालीनं विचारलं.

"शेळ्या," लंकाबाई म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. मग माझ्याकडे वळल्या. "समद्या काय शेळ्यांनी न्हाई खाल्ल्या, बाई. सून बाळंत झाली. तिला माकुडीची भाजी द्येत्यात आमच्यात. दोनदा केली."

हर्षालीचं तोंड उतरलं. मला मात्र रागवता आलं नाही. खरं बोलायला त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला होता.

"मुलगी की मुलगा?" मी विचारलं.

"पोरगी."

मग घारकड्याकडे निघालो. पायथ्यापर्यंत गेलो नाही. पलीकडच्या उतारावर, कडा समोर दिसतो तिथे, गेणभाऊंनी हात आडवा केला. पोळी यंदा नऊ होती. हर्षालीनं दुर्बीण लावली आणि ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. शेवटी दुर्बीण माझ्या हातात दिली.

ओट्याच्या डाव्या अंगाला, उघड्या काळ्या कातळावर, हिरवी झुबकी ओळीनं बसली होती. पोळ्यांची रांग त्यांच्या दिशेनं सरकत आली होती. त्या ओट्यावर वर्षभरात शेळी गेली नव्हती, माणूस गेला नव्हता, कुणी कासऱ्याला धरून उतरलं नव्हतं. झुबक्यांत किरमिजी ठिपके होते. माझ्या अंगणातल्या कुंडीत एका वेळी कधी चारपेक्षा जास्त फुलं आली नाहीत. इथे मला मोजता येईनात.

"किती दिसतात?" सुदर्शननं विचारलं.

"नऊ झुडपं," मी म्हटलं.

हर्षाली म्हणाली, अकरा. गेणभाऊ म्हणाले, त्यांना दुर्बिणीशिवाय बारा दिसतात आणि कुणाला पटत नसेल त्यानं वर जाऊन मोजावं.

घरी मी अजूनही धूप लावते. त्या दिवशी पिशवीत फक्त तांब्या आणि पळी होती. मी उतारावर एका दगडापाशी बसले, नाम घेतलं आणि कड्याकडे पाहत एक पळी पाणी जमिनीवर सोडलं. ते लगेच मुरलं. समोर, दूरवर, माश्यांचा आवाज एका सुरात चालला होता. गेल्या वर्षीसारखा तो बदलतो का, ते ऐकत मी बसून राहिले. तो बदलला नाही. मग आम्ही उठलो.